पंचवीस मे: दोन बुधवार

दिनविशेषाच्या चौकटीत लिव्हरपूल फुटबॉल क्लबाच्या नावावर २५ मे या तारखेला दोन ओळी येतात. १९७७: रोममध्ये बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखवर ३-१ असा विजय, पहिला युरोपियन कप. २००५: इस्तंबूलमध्ये एसी मिलानविरुद्ध ०-३ वरून ३-३, मग पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२, पाचवा युरोपियन कप. दिनविशेष हा प्रकारच हात आखडून लिहिलेला असतो. लढाई असो, जयंती असो की फुटबॉलचा अंतिम सामना, सगळ्यांच्या वाट्याला एकेक ओळ. फार तर कोणी पुढे जाऊन गोल करणाऱ्यांची नावं शोधील. रोमला मॅक्डरमट, स्मिथ, नील; इस्तंबूलला जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो.

माझी तक्रार इथेच आहे. हे दोन्ही सामने ज्या दोघांनी फिरवले त्यांची नावं या यादीत नाहीत. रोमला केव्हिन कीगन सतत आपली जागा सोडत राहिला, म्हणून सामना उघडला. इस्तंबूलला डीटमार हामान येऊन एका जागी उभा राहिला, म्हणून सामना वाचला. गोल ही फुटबॉलमधली सर्वात ठळक गोष्ट खरी, पण खेळाची चव बऱ्याचदा चेंडूपासून वीस-तीस यार्डांवर असते. तिथे नजर ठेवून या दोन रात्री पाहाव्यात, असा हा प्रयत्न.

आधी तारखेबद्दल. दोन अंतिम सामने एकाच तारखेला आले याचं पुष्कळांना नवल वाटतं. त्यात दैवी काही नाही. दोन्ही दिवस बुधवार होते आणि त्या काळी हा सामना साधारणपणे मेच्या अखेरीच्या बुधवारी होई. १९७७ आणि २००५ यांच्यात २८ वर्षांचं अंतर आहे, आणि २८ वर्षांनी दिनदर्शिका वार आणि तारखांसकट जशीच्या तशी परत येते. घरात १९७७ चं जुनं कालनिर्णय कोणी जपून ठेवलं असतं, तर सण आणि तिथी सोडून बाकीच्या कामाला ते २००५ साली चाललं असतं.

खरी गंमत दुसरीकडे आहे. इस्तंबूलचा सामना स्थानिक वेळेप्रमाणे रात्री पावणेदहाला सुरू झाला. पूर्वार्ध, मध्यंतर, उत्तरार्ध, अर्ध्या तासाचा जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी. हिशेब केला तर शेवटची पेनल्टी अडवली गेली तेव्हा इस्तंबूलमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणजे तीन गोलांची परतफेड झाली २५ मे रोजी आणि कप जिंकला २६ मे रोजी! लिव्हरपूलचं घड्याळ दोन तास मागे, त्यामुळे त्या शहरापुरती दिनविशेषाची ओळ बरोबर आहे. आपल्याकडे तर सामना सुरू झाला तोच रात्री सव्वाबाराला आणि संपला पहाटे तीनच्या सुमारास. मुंबई-पुण्यात जागलेल्यांसाठी ही तारीख पहिल्या मिनिटापासून २६ होती. मात्र पंचांग मानणाऱ्याचा वार सूर्योदयाला बदलतो, त्याला तो सगळा बुधवारच म्हणता येईल. अशा वादात मी पंचांगाच्या बाजूने.

आता रोम. हा सामना समजून घ्यायला चार दिवस मागे जावं लागतं. २१ मे रोजी वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल मँचेस्टर युनायटेडकडून १-२ असं हरलं होतं. लीगचं विजेतेपद खिशात होतं, तिन्ही स्पर्धा एकाच मोसमात जिंकण्याची संधी समोर होती, आणि ती गेली. मेच्या शेवटी थकलेले पाय आणि त्यावर ही हार. कीगन मोसम संपताच क्लब सोडणार हे जाहीर होतं. तो जर्मनीला, हॅम्बुर्गला निघाला होता. क्लबाच्या अनेक चाहत्यांच्या मनात त्याबद्दल अढी होती, आणि वेम्बलीवर तो चांगला खेळला नव्हता. थोडक्यात, निरोपाच्या सामन्यात त्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा धरली नव्हती.

त्याच्यावर पहारा होता बर्टी फोग्ट्सचा. १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रॉयफला चिकटून राहिलेला हा बुटका, चिवट बचावपटू. जर्मनीत त्याला टेरियर म्हणत. एकदा दात रोवले की सोडायचं नाही, ही त्याची ख्याती. माणसाला माणूस लावून खेळण्याच्या त्या काळात फोग्ट्स ज्याला लागला तो खेळाडू सामन्यातून वजा, असंच समीकरण होतं.

कीगनने हे समीकरण मान्य केलं आणि उलटं वापरलं. मी वजा होणार असेन तर तूही हो. चेंडू जवळ नसतानाही तो पळत राहिला: डाव्या कडेला, परत मध्यरेषेपर्यंत, मग उजवीकडे. फोग्ट्स इमानाने मागे मागे. ग्लाडबाखच्या बचावाचा सर्वांत भरवशाचा माणूस असा मैदानभर फिरत राहिला, आणि त्याने जी जागा राखायची ती रिकामी पडत गेली.

त्या रिकाम्या जागेचं पहिलं फळ २८ व्या मिनिटाला आलं. त्याआधी रायनर बोनहोफचा फटका लिव्हरपूलच्या गोलखांबावर आदळून परतला होता. दोन-चार इंच इकडे असता तर कथा वेगळी झाली असती. मग इयन कॅलहनने मधल्या फळीत चेंडू काढून घेतला. हा कॅलहन लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत खेळत होतं तेव्हापासून, १९६० पासून संघात होता. क्लबाचा सगळा चढ त्याने पायांखालून घातलेला. त्याने चेंडू उजवीकडे स्टीव्ह हायवेला दिला. हायवे कडेने पुढे न जाता आत वळला, आणि इथे थांबून पाहायला हवं. आत वळल्यावर त्याने लगेच पास दिला नाही. एक-दोन पावलं चेंडू पायाशी ठेवला. कीगन फोग्ट्सला घेऊन बाजूला झाला होता, आणि बचावफळीत दार उघडावं तशी फट पडली होती. त्या फटीकडे पाठीमागून टेरी मॅक्डरमट धावत निघाला होता. हायवेची ती एक-दोन पावलं म्हणजे मॅक्डरमटला पोहोचायला दिलेली सवड. पास आला, मॅक्डरमटने चेंडू न अडवता, न सावरता एकाच स्पर्शात गोलरक्षक क्नाइबच्या पलीकडच्या कोपऱ्यात ढकलला. सांघिक खेळाची इतकी स्वच्छ हालचाल अंतिम सामन्यात क्वचित दिसते. एकानेही जोर लावलेला नाही. चौघांच्या वेळा जुळल्या आणि गोल झाला.

उत्तरार्धाच्या सुरुवातीला ही स्वच्छता जिमी केसच्या एका निष्काळजी पासने घालवली. ग्लाडबाखच्या अलन सिमोन्सनने तो मधेच पकडला आणि लिव्हरपूलचा गोलरक्षक क्लेमन्सच्या वरून पलीकडच्या कोपऱ्यात असा मारला की चुकीबद्दल बोलायचं भानच राहू नये. त्या वर्षीचा युरोपचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून याच सिमोन्सनची निवड झाली, आणि दुसरा आला कीगन, अगदी थोड्या मतांनी. १-१ नंतरची दहा मिनिटं ग्लाडबाखची होती. श्टिलिके एकटा चेंडू घेऊन आत घुसला तेव्हा क्लेमन्सने पुढे झेपावून अडवलं. त्या अडवण्याला दिनविशेषात जागा नाही, पण माझ्या हिशेबात ते एका गोलाच्या तोलाचं आहे.

मग टॉमी स्मिथ. हा सामना त्याच्या वाट्याला आला तोच फिल थॉम्प्सन जखमी असल्यामुळे. आयुष्य दणकट टॅकल करण्यात गेलेला लिव्हरपूलचाच भूमिपुत्र, मोसमानंतर बूट खुंटीला टांगणार असं ठरल्यासारखं होतं. हायवेचा कॉर्नर आला आणि स्मिथने धावत येऊन डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. या गोलात नजाकत शोधू नये. तो ढोलावरच्या थापेसारखा आहे आणि त्या जागी तीच हवी होती.

शेवटी ८२ व्या मिनिटाला कीगन चेंडू घेऊन निघाला. आता पळापळीने फोग्ट्सची दमछाक झाली होती. पेनल्टी क्षेत्रात कीगन पुढे निसटला आणि फोग्ट्सने मागून पाय घातला. फ्रेंच पंच रॉबेर वुर्त्झ यांनी पेनल्टी दिली, फिल नीलने ती शांतपणे मारली, ३-१. ऐंशी मिनिटं जे अदृश्य काम चाललं होतं ते एकदाच उघड झालं, आणि तेही गोल करणाऱ्याच्या रकान्यात नीलचं नाव टाकून.

व्यवस्थापक बॉब पेझली यांच्याबद्दल एक वाक्य तरी हवंच. डरहॅमच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातला हा माणूस १९३९ साली खेळाडू म्हणून क्लबात आला, पुढे फिजिओ झाला, मग आधीचे व्यवस्थापक बिल शँक्ली यांचा सहायक. दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात होते आणि १९४४ मध्ये रोम मुक्त करणाऱ्या फौजेबरोबर याच शहरात शिरले होते. जर्मनांना इथे हरवण्याची ही माझी दुसरी खेप, अशा अर्थाची त्यांची कोटी प्रसिद्ध आहे. त्या रात्री सगळा संघ दारूत न्हात असताना पेझलींनी थेंबही घेतला नाही. सगळं नीट लक्षात राहावं म्हणून.

इस्तंबूलबद्दल लिहिणं अवघड, कारण त्या सामन्याला ‘चमत्कार’ हा शब्द इतका चिकटला आहे की खेळ दिसेनासा झालाय. मला हा शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की कोणी काही केलं नाही, आपोआप घडलं असा अर्थ निघतो. इथे तर एक माणूस ७५ मिनिटं राबला.

सुरुवात लिव्हरपूलचे व्यवस्थापक बेनितेझ यांच्या संघनिवडीपासून. त्यांनी हामानला बाकावर बसवून हॅरी क्यूएलला खेळवलं. म्हणजे मधल्या फळीत बचावाची जबाबदारी जेरार्ड आणि अलोन्सो या दोघांवर. समोर मिलान: पिर्लो, सीडॉर्फ, गाटुझो, आणि त्यांच्या पुढे काका. पहिल्याच मिनिटात पिर्लोची फ्री किक आली आणि ३६ वर्षांच्या माल्दिनीने ती हवेतच मारली. क्यूएल २३ व्या मिनिटाला दुखापतीने बाहेर, त्याच्या जागी श्मिट्सर. पुढचा पूर्वार्ध काकाचा. लिव्हरपूलची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामध्ये जो पट्टा होता, तो त्याला आंदण दिल्यासारखा मोकळा होता. तो तिथे चेंडू घ्यायचा, वळायचा, आणि वळला की पुढे कोणीच नाही.

क्रेस्पोचा दुसरा गोल, म्हणजे मिलानचा तिसरा, मी लिव्हरपूलचा चाहता असूनही पुन्हा पुन्हा पाहतो. मैदानाच्या मध्यावर काकाने एका स्पर्शात जेरार्डला चकवत अंग फिरवलं, आणि तिथूनच बचावफळीला चिरत जाणारा लांब पास दिला. त्या पासची रेषा अशी की कॅरागरचा ताणलेला पाय चेंडूपर्यंत पोहोचत नाही आणि क्रेस्पोला धाव बदलावी लागत नाही. क्रेस्पोने धावता धावता चेंडू गोलरक्षक डुडेकच्या अंगावरून अलगद उचलला. त्या रात्रीचा सर्वांत सुंदर गोल हरलेल्या संघाचा आहे, हे मोकळेपणी कबूल करायला हवं.

मध्यंतराला ०-३. लिव्हरपूलचे प्रेक्षक ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ गात होते, हे सगळ्यांना माहीत आहे. ड्रेसिंग रूममध्ये मात्र चांगलाच गोंधळ होता. बेनितेझ यांनी बचावपटू ट्राओरेला बाहेर काढून हामानला आणायचं ठरवलं. ट्राओरे बूट काढून अंघोळीच्या तयारीला लागला. तेवढ्यात फिजिओने सांगितलं की फिननच्या दुखापतीचा भरवसा नाही. मग फिनन बाहेर, ट्राओरेला परत बूट घालायचा हुकूम. पुढे ७० व्या मिनिटाच्या सुमारास मिलानच्या शेवचेन्कोचा फटका गोलरेषेवरून याच ट्राओरेने काढला. जानेवारीत बर्नलीविरुद्ध चेंडू फिरवायच्या नादात स्वतःच्याच जाळ्यात घालणारा हाच गडी. फुटबॉल कधी कोणाचं देणं फेडील सांगता येत नाही.

हामान आल्यावर काय बदललं? बचाव तिघांचा झाला: कॅरागर, हिपिया, ट्राओरे. त्यांच्या पुढे, काकाच्या त्या मोकळ्या पट्ट्यात, हामान उभा राहिला. तो धावपळ करणारा खेळाडू नव्हे. उंच, सावकाश, जरा आळशी वाटावा असा. पण काका जिथे वळायचा तिथे आता वळायला जागा नव्हती. मागे भिंत आल्यामुळे जेरार्ड पुढे सरकला, आणि जेरार्ड पुढे सरकल्यावर जे झालं ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. ५४ व्या मिनिटाला रीसेचा पहिला क्रॉस अडवला गेला, दुसरा आत आला, जेरार्डचं हेडर मिलानचा गोलरक्षक डिडाच्या आवाक्याबाहेर. ५६ व्या मिनिटाला श्मिट्सरचा लांबून जमिनीलगत फटका. आणि ६० व्या मिनिटाला जेरार्ड पेनल्टी क्षेत्रात घुसला तेव्हा गाटुझोने त्याला मागून पाडलं. अलोन्सोची पेनल्टी डिडाने अडवली. परत आलेला चेंडू अलोन्सोने डाव्या पायाने जाळ्याच्या छताला भिडवला.

इथे दोन्ही रात्री एकमेकींच्या शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्हींत लिव्हरपूलचा तिसरा गोल पेनल्टीतून आला. दोन्हींत पेनल्टी मिळवली संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने, आत घुसून. दोन्हींत पाडणारा हा समोरच्या संघाचा सर्वांत चिवट पहारेकरी: तिकडे फोग्ट्स, इकडे गाटुझो. श्मिट्सरचाही हा क्लबासाठी शेवटचा सामना होता, कीगनसारखाच. फरक एवढाच की रोमला त्या पेनल्टीने सामना संपला आणि इस्तंबूलला खरा सामना तिथून सुरू झाला.

कारण सहा मिनिटांत तीन गोल झाल्यावर साठ मिनिटं शिल्लक होती. ती साठ मिनिटं सारांशाच्या चित्रफितींत दोन मिनिटांत गुंडाळतात. चाहत्यांनी पूर्ण सामना मिळवून तीच पाहावीत असं मी सुचवीन. लिव्हरपूलकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. मिलानने पुन्हा ताबा घेतला. कॅरागरच्या पायांत गोळे येत होते, ते ताणत तो चेंडूपुढे पाय घालत होता. डावीकडून मिलानचा ताजातवाना सेर्जिन्यो आला तेव्हा जेरार्डला उजव्या बचावाला नेलं. संघाचा सर्वांत घणाघाती खेळाडू जादा वेळात आपल्याच कॉर्नर झेंड्याजवळ टॅकल करत राहिला. आणि या सगळ्याच्या मधोमध हामान. चेंडू आला की शेजारच्या लाल शर्टाला द्यायचा, दोन पावलं सरकायचं, पुन्हा काकाच्या वाटेत. त्या रात्री त्याच्या पायाचं हाड मोडलेलं होतं, हे नंतर सांगितलं गेलं.

११७ व्या मिनिटाला शेवचेन्कोचं हेडर डुडेकने खाली पाडलं. चेंडू परत शेवचेन्कोच्याच पायाशी, गोल हाताच्या अंतरावर. त्याने जोरात मारला आणि डुडेकचा वर गेलेला हात चेंडूला लागून तो आडव्या खांबावरून गेला. यात कौशल्य किती आणि योग किती, हे डुडेकलाही सांगता येणार नाही. शेवचेन्कोच्या चेहऱ्यावर मात्र त्या क्षणी काहीतरी विझलं. दोन वर्षांपूर्वी मँचेस्टरमध्ये युव्हेंटसविरुद्ध याच कपाची निर्णायक पेनल्टी त्याने मारली होती. इस्तंबूलला शेवटची पेनल्टी त्याच्याकडेच आली, डुडेक एका बाजूला पडला आणि मागे राहिलेल्या हाताने ती अडवली. गोलरेषेवर डुडेकने पाय नाचवण्याची जी सोंगं केली त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. रेषा सोडून तो पुढे येत होता यावर कमी. पिर्लोच्या पेनल्टीला तर तो चांगलाच पुढे होता. आजच्या काळात पंचांनी ती पेनल्टी पुन्हा मारायला लावली असती.

ही तारीख लिव्हरपूलची खासगी मालमत्ता नाही, हेही नोंदवून ठेवतो. १९६७ च्या २५ मे रोजी लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला २-१ असं हरवलं आणि युरोपियन कप पहिल्यांदा ब्रिटनमध्ये आला. त्याच सेल्टिककडून १९७७ च्या ऑगस्टमध्ये केनी डाल्ग्लिश लिव्हरपूलला आला, कीगनच्या रिकाम्या सात नंबरच्या शर्टात. ती जागा त्याने अशी भरली की कीगन गेल्याचं दुःख लोक लवकरच विसरले.

खेळ म्हणून रोम सरस. इस्तंबूल लोकांना जास्त आवडतं, कारण त्यात पडणं-उठणं आहे. मला रोमचं २८ वं मिनिट आणि इस्तंबूलची शेवटची साठ मिनिटं हवी असतात, बाकीचं कोणी नेलं तरी चालेल. बेनितेझ यांच्या निवडीवर टीका करणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारतो: हामान पहिल्या मिनिटापासून खेळला असता तर? काकाला जागा मिळाली नसती. पण माल्दिनीचा गोल फ्री किकवरचा, तो बहुधा झालाच असता. मग मिलान एक गोल राखत बसलं असतं, आणि ते काम त्या बचावफळीला जगात सगळ्यांपेक्षा चांगलं जमत होतं. लिव्हरपूल ०-१ असं सभ्यपणे हरलं असतं, आणि २५ मेच्या चौकटीत क्लबाची एकच ओळ राहिली असती.